वाचक विचारतात : विकिपीडियावर लिहिलेलं कुणी खोडलं तर?

मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून सुरू आहे. तिथला लेख कुणा एकाच्या नावावर नसतो. एकाने लिहावं, दुसऱ्याने दुरुस्त करावं, तिसऱ्याने भर घालावी, हीच तिथली रीत आहे, आणि त्यामुळे कुरबुरीही व्हायच्याच. या सदरासाठी मराठवाड्यातून आलेल्या पत्रांत एक वाक्य पुन्हा पुन्हा येतं : "आम्ही बरोबर लिहिलं होतं, तरी काढून टाकलं." त्यातल्या काही पत्रांना इथे उत्तरं देत आहोत.

प्रश्न : किल्लारीच्या भूकंपाच्या लेखात मी ३० सप्टेंबर १९९३ ही तारीख आणि ७,९२८ हा मृतांचा आकडा लिहिला. एका सदस्याने तारीख २९ केली आणि आकडा ९,७४८. मी पूर्ववत केलं, त्याने पुन्हा फिरवलं. असं चार वेळा झालं. ज्या भागाने हे सोसलं, त्या भागातल्या माणसाला तारीख बाहेरच्याने शिकवायची का?
(शिक्षक, औसा तालुका)

आधी हात थांबवा. पाचव्यांदा बदल करू नका, मग तुमचं शंभर टक्के बरोबर असो. इंग्रजी विकिपीडियावर एकाच पानावर चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचा बदल उलटवला, तर खात्यावर बंदी येऊ शकते, आणि ती लावताना कोण बरोबर होतं हे पाहत नाहीत. प्रत्येक भाषेचा विकिपीडिया आपले नियम आपण ठरवतो, त्यामुळे इंग्रजीतला नियम मराठीत आपोआप लागू होत नाही. पण अशी ओढाताण दिसली की प्रचालक (देखरेखीचे जादा अधिकार असलेले सदस्य) पान सुरक्षित करू शकतात, म्हणजे त्यावरचे बदल काही काळ थांबवू शकतात. त्या क्षणी पानावर जो मजकूर असेल तोच काही दिवस राहतो, आणि तो नेमका समोरच्याचा असू शकतो.

आता मुद्द्याकडे येऊ. तारखेच्या बाबतीत तुम्ही दोघंही बरोबर आहात. भूकंप झाला तो भारतीय वेळेनुसार ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या थोडं आधी. जागतिक प्रमाणवेळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते, म्हणजे त्या घड्याळात तेव्हा २९ सप्टेंबरच्या रात्रीचे साधारण साडेदहा वाजत होते. परदेशी भूकंपशास्त्रीय याद्या जागतिक वेळेत ठेवतात, म्हणून तिथे २९ तारीख दिसते. समोरच्या सदस्याने ती यादी पाहून प्रामाणिकपणे बदल केला असणार. यावर तोडगा सरळ आहे. लेखाच्या मजकुरात स्थानिक तारीख ठेवायची, माहितीचौकटीत (लेखाच्या बाजूच्या तक्त्यात) दोन्ही वेळा द्यायच्या आणि कोणती वेळ कोणती ते लिहायचं.

मृतांच्या आकड्याचं तसं नाही. ७,९२८ आणि ९,७४८ हे दोन्ही आकडे प्रकाशित स्रोतांत आहेत. अशा वेळी एक आकडा निवडून दुसरा पुसायचा नसतो. सरासरी काढून तिसराच आकडा लिहिणं तर त्याहून वाईट, कारण तो कुठल्याच स्रोतात सापडणार नाही. दोन्ही आकडे द्या, प्रत्येकाच्या लगेच पुढे त्याचा संदर्भ जोडा. तीव्रतेवरूनही असाच वाद होतो. काही ठिकाणी ६.२ दिसेल, काही ठिकाणी ६.४. पहिला आकडा मोमेंट मॅग्निट्यूडचा आहे, दुसरा पृष्ठतरंगांवरून काढलेल्या मापाचा. मोजपट्ट्याच वेगळ्या आहेत. दोन्हींना "रिश्टर" म्हणून टाकलं की भांडण सुरू होतं. आकड्यासोबत मापाचं नाव लिहा, निम्मा वाद तिथेच संपतो.

हे सगळं मांडायचं कुठे? लेखाच्या वरच "चर्चा" असा दुवा असतो, तिथे. नवा विभाग करा, शीर्षक द्या आणि असं काही लिहा :

"नमस्कार. भूकंपाची तारीख आपण २९ केली आहे. आपला स्रोत जागतिक प्रमाणवेळ वापरतो असं दिसतं, भारतीय वेळेनुसार ३० येते. मजकुरात ३० ठेवून चौकटीत दोन्ही वेळा द्याव्यात असं सुचवतो. मृतांचे दोन्ही आकडे संदर्भासह ठेवू. आपलं मत कळवावं."

शेवटी चार टिल्ड चिन्हं (~~~~) टाका, म्हणजे तुमचं सदस्यनाव आणि वेळ आपोआप उमटते. तीच चर्चा चालू असल्याची दोन ओळींची सूचना समोरच्याच्या सदस्य चर्चापानावरही द्या. लेखाचं चर्चापान तो पाहीलच असं नाही, पण स्वतःच्या पानावर कुणी लिहिलं की त्याला सूचना जाते. मग आठवडाभर थांबा. मराठी विकिपीडियावर नियमित लिहिणारे थोडे आहेत, आणि तेही नोकरी, शेती, संसार सांभाळून येतात. दोन तासांत उत्तर आलं नाही म्हणजे मान्य झालं, असं धरू नका. आठवड्यातही काही आलं नाही तर सुचवलेला बदल करा आणि जतन करताना दिसणाऱ्या सारांशाच्या चौकटीत "चर्चापानावर मांडल्याप्रमाणे, तारीख भारतीय वेळेनुसार" असं लिहा. "चूक दुरुस्त केली" एवढंच लिहिलं तर वाचणाऱ्याला काही कळत नाही, आणि ज्याची "चूक" काढली त्याला ते झोंबतं.

तुमच्या प्रश्नाच्या शेवटच्या वाक्याबद्दल. भूकंपग्रस्त भागातल्या माणसाचं म्हणणं हलकं नाही. तरी विकिपीडियावर कुणी कुठला, वय काय, पद काय, यावरून वाक्य टिकत नाही. वाचकाला तपासता येईल असा स्रोत असेल तरच ते टिकतं. हा नियम तुमच्याइतकाच समोरच्यालाही लागू आहे, आणि दूरच्या एखाद्याने किल्लारीबद्दल काही भलतंच लिहिलं, तर ते काढायला तुम्हाला याच नियमाचा आधार मिळतो.

प्रश्न : परळी वैजनाथ हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक आहे, हे शेंबडं पोरही सांगेल. तरी लेखात कुणीतरी "मानले जाते" असं घुसडलं. हा श्रद्धेचा अपमान नाही का?
(वाचक, परळी)

नाही. पण घाईने लिहिलेलं "मानले जाते" हेही चांगलं वाक्य नव्हे, कारण कोण मानतं हे त्यात येत नाही. खरा वाद समजून घेतला तर चांगलं वाक्य लिहिता येतं.

द्वादश ज्योतिर्लिंगांचा जो छोटा श्लोकपाठ आपल्याकडे घरोघरी म्हणतात, त्यात "परल्यां वैद्यनाथं च" आहे. शिवपुराणाच्या कोटिरुद्रसंहितेतल्या पाठात "वैद्यनाथं चिताभूमौ" येतं, आणि झारखंडमधल्या देवघरचे भाविक ती चिताभूमी म्हणजे आपलं गाव असं सांगतात. नागनाथाचंही तेच. "नागेशं दारुकावने" यातलं दारुकावन म्हणजे हिंगोली जिल्ह्यातलं औंढा, गुजरातेत द्वारकेजवळचं नागेश्वर की उत्तराखंडातलं जागेश्वर, अशा तीन परंपरा आहेत. देवघरचा माणूस परळीच्या लेखात येऊन "हे ज्योतिर्लिंग नाही" असं लिहू लागला तर तुम्हाला जसं वाटेल, तसंच तुम्ही देवघरच्या लेखात जाऊन केलं तर त्याला वाटेल.

म्हणून निवाडा आपण द्यायचा नाही, कोण काय सांगतं ते लिहायचं : "द्वादश ज्योतिर्लिंग स्तोत्राच्या 'परल्यां वैद्यनाथं च' या पाठानुसार परळी येथील वैजनाथ हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक आहे. शिवपुराणातील 'चिताभूमौ' या पाठाच्या आधारे हा मान झारखंडमधील देवघरलाही दिला जातो." या वाक्यावर परळीकराला आणि देवघरकराला दोघांनाही सही करता येईल. वाचकाला तर "मानले जाते" पेक्षा कितीतरी जास्त कळलं. तटस्थपणा म्हणजे सगळं गुळमुळीत करणं, असा एक गैरसमज आहे. उलट तटस्थ वाक्यात नावं, पाठ, ग्रंथ सगळं जास्त येतं.

संतांच्या जन्मस्थळांच्या लेखांतही हीच पद्धत वापरा. नामदेवांचा जन्म नरसीचा की पंढरपूरचा, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. कोणत्या अभ्यासकाने कोणत्या पुराव्यावर काय म्हटलं ते पुस्तकाच्या पानासह द्या. भाविकांची भावना दुखावण्याचा प्रश्न फारसा उरत नाही.

प्रश्न : औरंगाबादचं नाव बदललं. मग विकिपीडियावर जिथे जिथे जुनं नाव दिसेल तिथे मी नवीन घालत होतो. काही ठिकाणी उलटवलं गेलं. का?
(अभियांत्रिकीचा विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

कारण सरसकट बदलल्याने काही वाक्यं चुकीची होतात. शहराच्या नव्या नावाला केंद्राची मंजुरी फेब्रुवारी २०२३ मध्ये मिळाली, उस्मानाबादच्या धाराशिवलाही तेव्हाच. जिल्हा आणि महसुली विभागाच्या नावांची अधिसूचना त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये निघाली. त्यामुळे "आज कुठे आहे" हे सांगणाऱ्या वाक्यात नवं नाव हवं. भूतकाळातल्या घटनेत त्या काळचं नाव ठेवून पुढे "आताचे छत्रपती संभाजीनगर" म्हणावं. विद्यापीठाचंच उदाहरण घ्या. १९५८ मध्ये स्थापना झाली ती "मराठवाडा विद्यापीठ" या नावाने, आणि नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. "१९५८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली" असं लिहिलं तर नामांतराचा सगळा लढाच त्या वाक्यातून पुसला जातो. त्या लढ्यात माणसं मेली, घरं जळाली. नावांच्या बाबतीत मराठवाड्याने तरी ही काळजी घ्यायलाच हवी.

पुस्तकांची शीर्षकं, अवतरणं, जुन्या संस्थांची अधिकृत नावं आणि संदर्भातले मथळे यांना हात लावू नका. १९७७ च्या औरंगाबाद जिल्हा गॅझेटियरचं नाव तुम्ही बदललंत तर ते ग्रंथालयात कुणाला सापडणार नाही.

आणखी एक तांत्रिक चूक इथे हमखास होते. लेखाचं शीर्षक बदलायचं म्हणून काही जण सगळा मजकूर उचलून नव्या नावाच्या पानावर चिकटवतात आणि जुनं पान रिकामं करतात. असं केल्याने मजकूर कुणी कधी लिहिला तो इतिहास जुन्याच पानावर राहतो. विकिपीडियाचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ज्या परवान्याखाली खुला असतो, त्यात लेखकांना श्रेय देणं ही अट आहे, आणि हे श्रेय इतिहासातूनच मिळतं. म्हणून शीर्षक बदलायला पानावरची "स्थानांतरण" ही सोय वापरा. इतिहास सोबत जातो आणि जुन्या नावावरून नव्या नावाकडे पुनर्निर्देशन राहतं, म्हणजे जुनं नाव उघडणारा आपोआप नव्या पानावर पोचतो. वादाचं शीर्षक असेल तर स्थानांतरणाआधी चर्चापानावर विचारा. तुमच्या खात्याला ती सोय दिसत नसेल तर प्रचालकांना विनंती करा.

प्रश्न : आजोबा हैदराबाद मुक्तिसंग्रामात होते. गावाच्या लेखात त्यांचं नाव घातलं, "संदर्भ नाही" म्हणून काढलं. घरात सन्मानपत्र आहे, ताम्रपट आहे. आणखी काय पुरावा द्यायचा?
(वाचक, वसमत)

हे पत्र वाचताना तुमची तळमळ जाणवली. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला तो गावोगावच्या अशाच माणसांमुळे, आणि त्यांतल्या पुष्कळांची नावं कुठे छापलीच गेली नाहीत. ही उणीव खरी आहे. पण ती विकिपीडियाच्या लेखातून थेट भरून निघत नाही, कारण घरातला ताम्रपट दुसऱ्या जिल्ह्यातल्या वाचकाला तपासता येत नाही. आज तुमचं ग्राह्य धरलं, तर उद्या कुणीही कुठल्याही नावापुढे "स्वातंत्र्यसैनिक" लावेल, आणि खऱ्या सैनिकांची किंमत कमी होईल.

तेव्हा छापील शोधा. जिल्हा गॅझेटियर, मुक्तिसंग्रामावरचे चरित्रग्रंथ आणि स्मरणिका, शाळा-महाविद्यालयांचे गौरवग्रंथ, १७ सप्टेंबरच्या आसपासच्या वर्तमानपत्रांच्या पुरवण्या, विद्यापीठात सादर झालेले प्रबंध. गॅझेटियरसाठी एक लक्षात ठेवा : हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला, त्यामुळे जुन्या गॅझेटियरमध्ये वसमत परभणीत शोधावं लागेल. संदर्भ देताना पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, वर्ष आणि पृष्ठ क्रमांक हवा. वर्तमानपत्र असेल तर आवृत्ती, तारीख आणि पान. नुसतं "एका दैनिकात आलं होतं" चालत नाही.

छापील काहीच मिळालं नाही तर आजोबांची हकिकत एखाद्या स्थानिक इतिहास मंडळाकडे, अभ्यासकाकडे किंवा नियतकालिकाकडे द्या. त्यांनी तपासून प्रसिद्ध केली की मग तिचा संदर्भ देता येतो. तोवर गावाच्या चर्चापानावर नोंद करून ठेवा : "यांच्याबद्दल संदर्भ शोधत आहे, कुणाला आढळल्यास कळवावे." परभणी-नांदेडच्या ग्रंथालयात बसणारा कुणी ती वाचून मदतीला येऊ शकतो.

प्रश्न : एका लेखावर कौल घ्यायचं ठरलं तर आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटातल्या पंधरा-वीस जणांना मत द्यायला सांगू का?
(वाचक, बीड)

सांगू नका. चर्चेचा निकाल मुद्द्यांवर लागतो, मुंडक्यांवर नाही. कालच खातं उघडलेल्या वीस जणांनी "सहमत" एवढंच लिहिलं, तर अनुभवी संपादकांना ते लगेच ओळखू येतं, आणि तुमचा मुद्दा चांगला असला तरी त्याच्याबद्दल शंका येते. एकाच माणसाने चार खात्यांवरून लिहिणं तर सरळ फसवणूकच. जास्त लोक यावेत असं वाटत असेल तर चावडीवर, म्हणजे सगळ्या सदस्यांच्या सामायिक चर्चेच्या पानावर लिहा, आणि तेही "अमुक लेखाच्या शीर्षकावर चर्चा चालू आहे, मत द्यावे" इतकंच. कोणत्या बाजूने द्यावं ते लिहू नका.

प्रश्न : महाविद्यालयात विकिपीडिया कार्यशाळा घ्यायची आहे. साठ विद्यार्थी, एक प्रयोगशाळा. मागच्या वेळी निम्म्यांची खातीच उघडली नाहीत आणि उरलेल्यांचं लेखन एकमेकांत अडकलं.
(प्राध्यापिका, नांदेड)

खाती न उघडण्याचं कारण : एका इंटरनेट पत्त्यावरून चोवीस तासांत साधारण सहाच नवी खाती काढता येतात. प्रयोगशाळेतले सगळे संगणक बाहेरच्या जगाला एकच पत्ता दाखवतात, त्यामुळे सातव्या विद्यार्थ्याला नकार येतो. विद्यार्थ्यांना आठवडाभर आधी घरून, आपापल्या मोबाईलच्या डेटावर खाती उघडायला सांगा. किंवा कार्यशाळेच्या बरेच दिवस आधी तारीख आणि प्रयोगशाळेचा इंटरनेट पत्ता कळवून ही मर्यादा तात्पुरती शिथिल करायची विनंती करा.

लेखन अडकण्याचं कारण : दोघांनी एकच परिच्छेद उघडला आणि पहिल्याने आधी जतन केलं, की दुसऱ्याला संपादनाचा संघर्ष झाल्याची सूचना येते. तिथे घाबरून "माझाच मजकूर ठेवा" असं केलं तर पहिल्याचं काम जातं. सूचना आली की आपला मजकूर कॉपी करून बाजूला ठेवायचा, पान ताजं करायचं आणि आपली भर योग्य जागी पुन्हा घालायची. मुळात ही वेळ येऊ नये म्हणून पूर्ण पान न उघडता एका विभागापुढचा संपादनाचा दुवा वापरायचा, आणि थोडं थोडं जतन करत जायचं. साठ जणांना दहा लेखांवर बसवण्यापेक्षा साठ वेगवेगळी गावं वाटून द्या. २०११ च्या जनगणनेची जिल्हा पुस्तिका हाताशी ठेवा, गावाची लोकसंख्या आणि सोयींचा तपशील तिथे मिळतो.

पहिला मसुदा ज्याच्या त्याच्या धूळपाटीवर (सदस्याच्या सरावाच्या पानावर) करून घ्या. थेट लेखात साठ कच्चे मसुदे आले की ते निस्तरायला दोन-तीन जाणत्या संपादकांचे कित्येक दिवस जातात, आणि मग ते कंटाळून सरसकट उलटवतात. विद्यार्थ्यांनी पुस्तकातला किंवा संकेतस्थळावरचा मजकूर जसाच्या तसा उतरवू नये, हे तर पहिल्या दहा मिनिटांत सांगा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क चालतो. असा मजकूर वगळला जातो, आणि त्यावर चर्चा होत नाही.

प्रश्न : आमच्या संस्थेचा लेख वगळला. प्रचालकांची तक्रार कुणाकडे करायची?
(संस्थाचालक, लातूर)

तक्रारीआधी दोन गोष्टी पाहा. संस्थेबद्दल तिच्याशी संबंध नसलेल्या लोकांनी सविस्तर लिहिलं आहे का? संस्थेचं माहितीपत्रक आणि जाहिराती धरू नका. दुसरं, लेख तुम्ही किंवा तुमच्या कर्मचाऱ्याने लिहिला होता का? आपल्याच संस्थेवर लिहू नये असा संकेत आहे, आणि पैसे घेऊन लिहिलं असेल तर ते जाहीर करणं २०१४ पासून वापराच्या अटींमध्येच आहे. वगळण्याचं कारण ज्या प्रचालकाने नोंदवलं, त्याच्याच चर्चापानावर आधी शांतपणे विचारा. समाधान झालं नाही तर चावडी. प्रचालकाकडे पान वगळायची, सुरक्षित करायची, बंदी घालायची साधनं असतात, पण मजकुरात काय असावं यावर त्याचं मत इतर कुणाही सदस्याइतकंच.

प्रश्न : चर्चापानावर एकाने माझ्या जातीवरून टोमणा मारला. उत्तर देऊ का?
(नाव न छापण्याची विनंती, धाराशिव)

टोमण्याला उत्तर देऊ नका, आणि तो स्वतः खोडूही नका. पानाच्या इतिहासात जाऊन त्या बदलाचा "फरक" उघडा, त्याचा दुवा जपून ठेवा आणि प्रचालकांना कळवा. जातीवरून हिणवणं विकिमीडियाच्या (विकिपीडिया चालवणाऱ्या संस्थेच्या) सार्वत्रिक आचारसंहितेच्या विरुद्ध आहे, आणि ती सर्व भाषांच्या प्रकल्पांना लागू आहे. लेखाचा मुद्दा मात्र सोडू नका. त्याच चर्चेत, टोमणा मारलाच नाही अशा रीतीने, तुमचा संदर्भ आणि तुमचं सुचवलेलं वाक्य लिहा. नंतर येणारा तिसरा माणूस आधी तेच वाचेल.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी सहमतीने ठरलेलं आता बदलता येतं का?
(वाचक, जालना)

येतं, नवं काही हाती असेल तर. नवं पुस्तक, नवी अधिसूचना, तेव्हा कुणाच्या नजरेला न आलेला पुरावा. जुनी चर्चा आधी वाचा, पान लांबलं असेल तर ती दप्तरात गेली असेल. तिचा दुवा देऊन नवा विभाग उघडा, तेव्हा बोललेल्या सदस्यांना साद द्या (नाव घेऊन त्यांना सूचना जाईल असं करा) आणि या वेळी काय नवीन आहे ते पहिल्याच वाक्यात लिहा.